बोर्डाला हात लावायचा नसतो

माझ्या बायकोला ऑफिसात सगळे झाडूताई म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. कोणी येऊन म्हणालं की ताई, माझं बिल्ड बिघडलंय, तर मान वर न करता ती विचारणार, "आधी झाडून काढलंस का?" म्हणजे कालचं तयार झालेलं सगळं पुसून नव्याने बांधलंस का. बहुतेक वेळा काढलेलं नसतं. काढलं की चालतं. समोरचा खूश होऊन जातो आणि ही पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं घालते.

मी शाळेत कवायत शिकवतो. माझं काम एका शिट्टीत भागतं. तिचं काम जेवताना ऐकून ऐकून मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. चुकलं तर तिला विचारायला जाऊ नका, ती दमलेली असते.

तिची कंपनी दूध थंड ठेवायच्या टाक्यांचे कंट्रोलर बनवते. डब्याच्या आत एक हिरवा बोर्ड असतो. त्याला वीज मिळाली की सगळ्यांत आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो, त्याला बूटलोडर म्हणतात. घरातलं एखादं माणूस आधी उठून बाकीच्यांना हाका मारतं ना, तसा तो बाकीच्या प्रोग्रामांना उठवतो. पण बिचाऱ्याला स्वतःला काहीच ठाऊक नसतं. मेमरी किती आहे, पंखा कुठल्या पिनवर आहे, काही नाही. म्हणून एका फाईलमध्ये बोर्डाचं वर्णन लिहून ठेवतात. ती माणसाला वाचता येते, बोर्डाला येत नाही. मग ती कंपाईल करायची, म्हणजे बोर्डाला कळेल अशी घट्ट बांधायची, आणि बूटलोडरच्या शेपटाला जोडायची. कुठली फाईल कधी नव्याने बांधायची, हे ठरवणारे नियम असतात. त्या नियमांची राखण करणं ही माझ्या बायकोची नोकरी.

नियमात एक खोट होती. सगळ्या बोर्डांचं सामाईक वर्णन एका वेगळ्या फाईलमध्ये होतं आणि बाकीच्या फायली ते आपल्यात ओढून घ्यायच्या. ती सामाईक फाईल बदलली तर सगळंच पुन्हा बांधायला हवं, पण नियमात हे लिहिलेलंच नव्हतं. कॉम्प्युटर बघणार की या बोर्डाची फाईल तर कालचीच आहे, आणि कालचं बांधलेलं वर्णन आजच्या बूटलोडरला चिकटवून मोकळा होणार. एरर नाही, कुरकुर नाही. "चूक ओरडली तर बरं असतं रे," ती म्हणायची, "ही गप्प बसून राहते." नियम दुरुस्त केला तर सगळे बोर्ड नव्याने तपासावे लागणार, आणि त्याला तिच्या साहेबांकडे कधीच सवड नसायची. म्हणून तो झाडू.

सासरे आमच्याकडे राहायला आले तेव्हा हे असं चाललं होतं.

सासूबाई जाऊन बरेच दिवस झाले होते आणि सासरे एकटेच जुन्या घरात होते. ती इमारत पाडायला निघाली, तेव्हा आम्ही त्यांना घेऊन आलो. सासऱ्यांचा जन्म टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेलेला. जमिनीखालच्या केबलमधल्या शेकडो तारा रंगांवरून ओळखून जोडणारा माणूस. आता सकाळी जेवले की नाही हे त्यांना आठवायचं नाही. बाकी तब्येत ठणठणीत, बोलणं गोड, आणि एकदम सभ्य. दुपारी मला शेजारी बसवून हळूच विचारायचे, "या लोकांनी आपलं फार केलं हो. आता निघूया का आपण?"

त्यांना संडास-बाथरूम जवळ हवं म्हणून आम्ही आमची खोली दिली आणि स्वतः बाहेर हॉलमध्ये आलो. तरी घोटाळा व्हायचा तो झालाच. दुपारची झोप झाली की ते डाव्या अंगाने उतरत आणि नाकासमोर चालू लागत. समोर माझं कपाट. बाथरूमचं दार पलंगाच्या उजव्या बाजूला, पण तिकडे ते ढुंकूनही बघायचे नाहीत. एक दिवस त्यांनी कपाटाचं दार उघडलं, आत गेल्यासारखे उभे राहिले आणि आपलं काम उरकून बाहेर आले. माझे कवायतीचे बूट त्यात गेले. मी शाळेत चपला घालून शिट्टी वाजवली आणि पोरं दिवसभर खुदुखुदु हसत होती. पुढच्या आठवड्यात कपाटाचं दार लागलेलं होतं, ते ओढता ओढता सासरे मागे पडले आणि पलंगाच्या कडेने भुवई फुटली.

माझा मेहुणा दूर राहतो. तो काही वाईट माणूस नाही, पण घाबरला की हुकूम सोडतो. "ताई, तुम्ही दोघं दिवसभर कामात. मी एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय, चांगला आहे. येत्या शनिवारी येतो. बाबांना असंच धडपडताना बघितलं तर घेऊन जाईन."

बायको म्हणाली, "ये." आणि फोन ठेवला.

मग तिने शिकवणी सुरू केली. बाथरूमच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली. पलंगापासून दारापर्यंत जमिनीवर लाल पट्टी चिकटवली. रोज सकाळी हात धरून घेऊन जायची. "बाबा, इकडे. उजवीकडे. पट्टीवरून चला." सासरे शहाण्या मुलासारखे चालायचे, पाटी मोठ्याने वाचून दाखवायचे. दुपारी उठले की पुन्हा कपाट. ती घरून काम करत होती, कानाला हेडफोन लावून अर्धं लक्ष खोलीकडे. आवाज आला की धावायची. एकदा ती त्यांच्यावर ओरडली, "किती वेळा सांगायचं?" सासरे ओशाळून म्हणाले, "चुकलं का माझं काही?" ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली. भांडी आधीच घासलेली होती.

शुक्रवारी ऑफिसात आग लागली. खरी नव्हे, त्यांच्यातली. नव्या बोर्डात पंख्याची पिन बदलली होती, तो बदल सामाईक फाईलमध्ये झाला होता, आणि कोणीतरी न झाडता बिल्ड केलं. बांधून तयार असलेले कंट्रोलर गाडीत चढायच्या बेतात होते आणि पंखा फिरत नव्हता. पंखा नाही तर टाकी गरम, दूध नासणार. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, फोन स्पीकरवर, आणि समोर मी, शाळा लवकर सुटली म्हणून घरी येऊन, शेंगा सोलत बसलेलो. एक हार्डवेअरवाला म्हणत होता, "ताई, सोपं आहे. पंख्याची तार जुन्या पिनवर आणून डाग देऊन जोडतो. संध्याकाळपर्यंत सगळे बोर्ड निघतील."

"अजिबात नाही," ती म्हणाली. "बोर्डाला हात लावायचा नसतो. बोर्ड आहे तो आहे. वर्णन चुकलंय, वर्णन बदलायचं."

"पण घाई आहे ना."

"मग साहेबांना सांग, नियम दुरुस्त करायला आज तरी परवानगी द्या."

साहेबांना ती द्यावीच लागली. तिने नियमात भर घातली. अवलंबून कोण कोणावर आहे हे एका ओळीत लिहिलं, सामाईक फाईल मुद्दाम बदलून पाहिली, आणि कॉम्प्युटर न सांगता सगळं वर्णन नव्याने बांधायला लागला. पलीकडून पंखा फिरल्याचा आवाज आला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं आता ही हसेल. तिने फोन ठेवला आणि कपाळ टेबलावर टेकलं.

"एवढंच होतं," ती म्हणाली. "इतकी वर्षं नुसती झाडत बसले मी. फार दमलेय रे."

तेवढ्यात खोलीतून पलंग कुरकुरला. मी उठणार तर तिने मला हाताने थांबवलं. दाराशी जाऊन उभी राहिली, मी तिच्या मागे. या वेळी ती "उजवीकडे" म्हणाली नाही. नुसती बघत राहिली.

सासरे डाव्या अंगाने उतरले. पाय चपला शोधत बसले नाहीत, नेमके जायचे तिथे गेले. ते सरळ चालत कपाटापाशी आले आणि उजवा हात खांद्याइतका वर करून कपाटाच्या कडेवर काहीतरी चाचपायला लागले. घाबरलेला माणूस चाचपतो तसं नव्हे. सवयीने, न बघता.

"बटण शोधतायत," ती पुटपुटली. "आईकडे बाथरूमबाहेर बटण होतं. काळं. बरोबर त्या उंचीवर."

मलाही ते घर आठवलं. पलंगावरून डावीकडे उतरलं की समोर बाथरूम, दाराशेजारी बटण, आणि खोलीतून बाहेर पडलं की लगेच स्वयंपाकघर. सासरे झोपून उठले की तिथूनच हाक द्यायचे, "अगं, चहा टाकलास का?" आणि सासूबाई, गॅससुद्धा पेटवलेला नसला तरी, आतून म्हणायच्या, "टाकलाय, टाकलाय!" लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी खरंच समजून बसलो होतो की चहा तयार आहे. बराच वेळ वाट बघितली होती.

सासऱ्यांना बाथरूममध्ये नेऊन आणल्यावर बायको मला म्हणाली, "कपाट बाहेर काढ."

"कुठे?"

"हॉलमध्ये. आणि पलंग उलटा फिरवायचा. डोकं तिकडे, पाय इकडे. म्हणजे डावीकडे उतरले की समोर बाथरूम येईल."

"नुसती उशी फिरवू की."

"डोक्याशी फळी लागते त्यांना. पलंगच फिरव."

आमचा पलंग म्हणजे पोटात गाद्या आणि गोधड्या भरलेला राक्षस. मला घाम फुटला, आणि माझं तोंड गप्प बसत नाही. "अगं, आत्ताच त्या पोराला झापलंस ना? बोर्डाला हात लावायचा नसतो म्हणून?"

ती गोधड्या बाहेर काढत होती. थांबली.

"वर्णन बदलता येत असेल तर," ती म्हणाली. "त्यांच्याकडची वाचता येणारी फाईल हरवली रे. जुनं बांधलेलं आहे तेवढंच राहिलंय. आता त्यात नवीन काही बसायचं नाही. मी उगाच छळत होते त्यांना."

मी पलंग फिरवला, कपाट ओढत हॉलमध्ये आणलं, आता टीव्ही बघायचा तर मान वाकडी करावी लागते. शनिवारी सकाळी वायरमन आला. बटण इतक्या वर कशाला, वायर भिंतीवरून उघडी दिसेल, म्हणून तो कुरकुरला. बायकोने वडिलांना उभं करून त्यांचा हात वर करायला लावला आणि जिथे बोटं टेकली तिथे पेन्सिलीने खूण केली. तिने पाटी काढली, लाल पट्टी खरवडून काढली. काळं बटण मिळालं नाही, पांढरं बसवलं.

मेहुणा दुपारी आला. जमिनीवर पट्टीच्या डिंकाचे डाग आणि हॉलमध्ये कपाट बघून त्याने माझ्याकडे पाहिलं. "भावजी, हे काय?"

"बस," मी म्हटलं, "आणि बोलू नकोस."

सासरे झोपले होते. आम्ही दोघं हॉलमध्ये दारातून दिसेल असे बसलो. बायकोला बसवेना, ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली. मी सामन्याच्या वेळी पंच असतो, पण एवढं टक लावून मी कधी बघितलं नव्हतं.

पलंग कुरकुरला. सासरे डाव्या अंगाने उतरले. सरळ गेले. हात वर गेला आणि टक् आवाज झाला. दिवा लागला, दार उघडलं, दार लागलं. पाण्याचा आवाज आला. मेहुण्याने माझा गुडघा घट्ट धरला होता, तो सोडायचं त्याला सुचलं नाही.

सासरे हात पुसत बाहेर आले. किती दिवसांनी ते असे चालत होते, स्वतःच्या घरात चालतो तसे, ताठ. खोलीच्या दारात थांबले, आमच्याकडे लक्षही नाही, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाले, "अगं, चहा टाकलास का?"

मेहुण्याचा चेहरा पडला. पलंग फिरवताना, बटण मोजताना आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं की त्या जुन्या घरात आणखी कोण राहतं.

बायको तशीच ओट्याला टेकून उभी होती. गॅस बंद होता, पातेलंसुद्धा चढवलं नव्हतं. तिने चष्मा काढला, डोळे पुसले, आणि नेमक्या त्याच लकबीत आतून म्हणाली, "टाकलाय, टाकलाय!"