कुलपासाठी वाजलेल्या टाळ्या

"आमच्या संडासाला कुलूप आहे," मी माईकवर म्हणाले. हॉलमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घोडबंदर रोडवरचं मोठं हॉटेल. पायाखाली गालिचा. स्टेजवर तीन खुर्च्या आणि एक स्टूल. खुर्च्यांवर पैसे देणाऱ्या कंपनीचे परदेशी साहेब, वॉर्डाचे अधिकारी, संस्थेच्या मॅडम. स्टुलावर मी. मागे आमच्या शौचालयाचा भलामोठा फोटो, वर लिहिलेलं, 'भागीदारीतून परिवर्तन'.

माझं बोलणं मॅडम साहेबांना इंग्रजीत सांगत होत्या. मी म्हटलं, पाणी जोडलेलं नाही. टाळ्या. मी म्हटलं, बायका अजून नदीकडच्या झाडीत जातात. साहेब उठून उभे राहिले, डोळे पुसले, माझ्यापुढे हात जोडले.

मला इंग्रजी येत नव्हतं. पण झाडीत जातो म्हटल्यावर कुणी धन्य होऊन हात जोडत नाही, एवढं कळायला इंग्रजी लागत नाही.

आणि मी काय केलं? मीपण हात जोडले. वर हसले. तेव्हाची चाळिशीतली मी, ती बाई आज भेटली तर पाठीत धपाटाच घालीन. मानेला पावडर, कडक इस्त्रीची साडी, कानात सुनेचे झुमके. आठवडाभर कपाटाच्या आरशापुढे भाषण घोकत होती. सून म्हणाली, "आई, लग्न कुणाचंय?" तर तिच्यावरच डाफरली. ठोंबी मेली!

सुनेला सातवा सरलेला. मोहने गावात जुन्या कारखान्याच्या भिंतीला लागून आमची वस्ती. त्या झाडीत ती एकदा घसरून पडली. दोन्ही हातांनी पोट धरून घरी आली. म्हणून मी गेले होते. तिचे दिवस भरायच्या आत ते दार उघडावं, बस. इतकंच मागायला.

जेवणं झाली. मी बाथरूमकडे वळले तर मॅडम आडव्या आल्या.

"ताई, हे पाहुण्यांसाठी आहे. तुम्ही घरी जाऊनच जा ना."

"घरी कुठे जाऊ, मॅडम? कुलूप आहे."

"आज नको ना ते, ताई. आजचा दिवस चांगला आहे."

फोटोतल्या संडासाला मान होता. मला नव्हता.

परत येताना माजिवड्याला गाडी अडकली. पुढे गाड्या, मागे गाड्या. पोटात कळा. सोबत आलेली शेजारीण शकू म्हणते, "काय गं, एवढ्या टाळ्या पडल्या, आता नळाला धो धो पाणी येणार बघ."

"गप गं, हसवू नको. इथंच होईल."

शेवटी उतरले. पुलाखाली बसले. शकू पदर पसरून उभी. बाजूच्या गाडीतल्या एकाने काच खाली केली.

"शरम नाही वाटत?"

वाटली. आधी माझी वाटली. मग इस्त्रीची साडी गुंडाळून तशी उकिडवी बसलेली असतानाच डोक्यात लख्ख झालं. शरम माझी कशी? मी ज्यांच्या स्टेजवरून आले त्यांची ती. भागीदार ते तिघं. मी नुसती फोटोपुरती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातला वरवंटा उचलला. शकू आली, मग गल्लीतल्या सगळ्या आल्या. कुलूप चिवट निघालं. आम्ही जास्त चिवट. ड्रम भरून पाणी आणलं, आणि सगळ्यात आधी सुनेला आत पाठवली.

दुपारी तिघंही आले. तीन गाड्यांतून. वस्तीत एकत्र आलेले पहिल्यांदाच बघितले.

अधिकारी म्हणाले, "हस्तांतर व्हायचंय. हा गुन्हा आहे."

साहेबांच्या जागी आलेला कंपनीचा इकडचा माणूस म्हणाला, "आम्ही बांधून दिलं. पाणी यांनी द्यायचं."

मॅडम म्हणाल्या, "आम्ही तर जनजागृती केली."

"झाली ना जागृती," मी म्हटलं आणि तुटकं कुलूप त्यांच्या हातात ठेवलं.

आम्ही बायका गाड्यांपुढे बसलो. पाणी कोण जोडणार, मोटार कोण बसवणार, झाडलोट कोण बघणार, हे तिथेच, उन्हात उभं राहून ठरवायला लावलं. तिघांनाही घाम फुटला. ही खरी भागीदारी. सुनेचं बाळंतपण व्हायच्या आत पाणी आलं. नवं कुलूप आम्ही आणलं, किल्ली आमच्याकडे ठेवली. मग त्यांनी फलक लावला. वर तिघांची नावं. खाली आम्ही, 'लाभार्थी'.

इतक्या वर्षांनी आता शेजारच्या वस्तीसाठी संडासाचा दुसरा टप्पा येतोय. परवा नव्या मॅडमचा फोन आला. "आजी, दोन शब्द बोलायला या ना. गाडी पाठवतो."

नात म्हणते, "जा की आजी, एसी असतो." चहाटळ कार्टी, माझ्यावरच गेलीय.

मी मॅडमना सांगितलं, "मी येणार नाही. तुम्ही या. तिघंही या. बैठक त्या वस्तीतल्या ओट्यावर, सगळे खाली बसून, मराठीत. पहिला विषय किल्ली. ती तिथल्या बायकांकडे राहील असं ठरलं की मग वीट. त्याआधी पाया खणलात तर त्या खड्ड्यात बायका बसतील. मी सगळ्यांत पुढे."

"आजी, असं बोललात तर भागीदारी कशी होणार?" मॅडम म्हणाल्या.

"अशीच होईल," मी म्हटलं. "नाहीतर होऊ देणार नाही."