पटक्याचं दुसरं टोक

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की हसत उठून जाणारा मी माणूस. शेंद्र्याला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं म्हणून लिंबू-मिरची बांधणाऱ्यांची मी यथेच्छ टिंगल केलेली आहे. त्यामुळं हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण तीन वर्षं पोटात ठेवलंय, आता राहवत नाही.

आमची ताई सिडनीला असते. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी आणि आबा, म्हणजे आमचे वडील, तिच्याकडं गेलो होतो. आबा मूळचे पिशोरचे, उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. आता हर्सूलला माझ्याकडं राहतात, पण डोक्यावरचा लाल पटका काही सुटत नाही. विमानतळावर तपासणीला तो उलगडायला लावला, तेव्हा दहा हात कापड निघालेलं पाहून मागची रांग गार झाली होती!

ताईनं आम्हा दोघांसाठी देवमासे बघायच्या बोटीची तिकिटं काढली. शहराच्या बंदरातूनच बोट सुटते. सकाळचे दहा, लख्ख ऊन, बोचरी थंडी. तासाभरात आम्ही खुल्या समुद्रात. दोघांचीही ही पहिलीच खेप. आबा कठडा घट्ट धरून "लई पाणी हाय रं..." एवढंच म्हणत होते.

मग देवमासा दिसला. इंजिन बंद केलं. सगळे मोबाइल काढून उजव्या बाजूला धावले. काळी पाठ वर आली, फवारा उडाला, लोक ओरडले. आबांना दाखवावं म्हणून वळलो, तर ते डाव्या बाजूला एकटेच, खाली पाण्याकडं बघत उभे.

तेवढ्यात मला घंटी ऐकू आली. कळपाच्या पुढं चालणाऱ्या एडक्याच्या गळ्यात असते, तसली. पाठोपाठ मेंढरांचा कालवा... खालून, पाण्यातून! आणि मग माणसाची हाक आली, अस्सल आमच्याकडच्या बोलीत — "दादाऽऽ, पटका टाक!"

"रघ्या!" आबा ओरडले.

रघुनाथ म्हणजे माझा चुलता. माझ्या जन्माआधी मेंढरं ओढ्यापलीकडं नेताना पुरात वाहून गेला. त्या दिवशी आबा गावात होते, असंच आम्हाला कायम सांगितलेलं.

पाणी ओलांडताना पुढचा माणूस अडकला, तर मागचा आपला पटका सोडून त्याचं टोक फेकतो आणि पुढचा ते मनगटाला बांधून घेतो. ही आमच्या लोकांची रीत. आबांनी तेच केलं. मी पोहोचेपर्यंत पटका कठड्यावरून खाली गेला होता... आणि ताणला गेला. आबांचा एक पाय कठड्यावर चढलेला!

मी त्यांच्या कमरेला मिठी मारली.

"आबा, सोडा! सोडा ते!"

"नाय सोडणार! तू धर मला!"

मी रडत होतो, सांगायला कसली लाज. आबा जाणार, माझ्या हातातून जाणार, एवढंच कळत होतं. बोटीवरचा एक गोरा कर्मचारी धावत आला, त्यानंही आबांना धरलं. आम्ही तिघं ओढतोय आणि पलीकडची ओढ आमच्याहून जास्त. मग एकदम सगळं सैल झालं आणि आम्ही पाठीवर आपटलो.

तो कर्मचारी उठला, चेहरा पांढराफटक. इंग्रजीत त्यानं मला विचारलं, "बोटीवर मेंढ्या कुणी आणल्यात?"

पटका वर ओढून घेतला. ओल्या टोकाला गाठ होती. तिच्या फासात मनगट मावेल एवढीच जागा.

ताई म्हणते, कापड देवमाशाच्या पराला अडकलं असेल. असेलही. पण देवमासा दुसऱ्या बाजूला होता. आणि गाठ? त्या परक्या माणसाला मेंढरं कशी ऐकू आली? खरं सांगतो, उत्तर शोधायचीही भीती वाटते.

बंदर दिसायला लागलं. मग आबा माझ्याकडं न बघता बोलले, "संत्या, मी गावात नव्हतो. तवा मी बी पाण्यातच व्हतो. मी बी जाईन म्हून... सोडला पटका."

मी त्यांचा हात हातात घेतला.

"आज म्या नाय सोडला," आबा म्हणाले. "त्यानं सोडला."