तीस मीटरचा लाल चौकोन

लाल चौकड्यांचा टॉवेल दिसला की मला लोहगडाखालच्या वाडीतलं एक घर आठवतं. उपग्रहाने मोजलेल्या जमिनीच्या उंचीवरून मी ‘आर’ या संगणकाच्या भाषेत कोड लिहून दरडींच्या धोक्याचा नकाशा बनवला होता, तीस-तीस मीटरच्या चौकोनांचा, आणि तो लॅपटॉपवर दाखवायला गेलो होतो. चुलीच्या धुरानं डोळे चुरचुरत होते. घरच्या मावशींनी विचारलं, “ह्यात आमचं घर कुटं?” मी दाखवलं. घर, गोठा, अंगण, सगळं एकाच लाल चौकोनात होतं. “मंग घरातली धोक्याची बाजू कंची?” “चौकोनाला एकच रंग असतो, मावशी. आतलं मला नाही सांगता येत.” त्यांनी डोंगराकडच्या भिंतीजवळची तान्ह्या नातीची झोळी सोडली, दाराजवळच्या वाशाला बांधली आणि माझ्याकडे बघत विचारलं, “हितं चालंल का?” आजही तो नकाशा उघडला की मी तेवढा चौकोन मोठा करत जातो, आणि अख्खी स्क्रीन लाल होते.