सुपातला फासा

ईरा, अन्वय,

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबालाही नाही. आता सांगते, कारण लवकरच तुमच्याकडे आमच्या खेळाचा नवा खोका येईल — आणि त्यावर चित्रकार म्हणून माझं नाव नसेल.

आम्ही निवृत्त शिक्षकांनी कर्जतच्या शाळांसाठी गोष्टींचा खेळ सुरू केला, तो तुम्हाला ठाऊकच आहे. मुलं टेबलाभोवती बसतात. कुणी वैद्य होतं, कुणी नावाडी. फासे टाकत गोष्ट पुढे नेतात, आणि वाटेत गणित, भूगोल शिकतात. त्याचा लोगो करायचं काम माझ्याकडे आलं. मी शिस्तीची. पट्टी-कंपास घेऊन आठवडाभर बसले. घुबड, पुस्तक, खाली इंग्रजी अक्षरं. सगळं सरळ — आणि सगळं निर्जीव.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणारी कडावची सुनंदा मागून बघत होती.

“बाई, ह्ये बँकेचं वाटतंय. ह्यात पोरं कुठं हायत?”

“मग तूच काढ गं!” मी चिडून पेन्सिल पुढे सरकवली.

तिने काढलं. मोजक्या रेषा. एक सूप, त्यातून पाखडताना तांदूळ उडावा तसा उडालेला फासा, आणि भोवती छोटे छोटे हात. फासे घरंगळू नयेत म्हणून कडावची मुलं ते सुपातच टाकायची. मी दर आठवड्याला बघत होते. मला का सुचलं नाही?

मी ते नीट गिरवलं, रंगवलं. आणि मग आमच्याच घरी शिक्षकांची सभा भरली. सगळे खूश. कुणीतरी विचारलं, कुणी काढलं? सुनंदा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. मी म्हणाले, “मी.”

तिने सगळ्यांना चहा दिला. पाहुणे गेल्यावर कप विसळताना एवढंच म्हणाली, “सुपाची कड जाड करा, बाई. लांबून दिसत नाय.”

मी केली. लोगो आणखी खुलला. त्याचंही कौतुक मीच घेतलं.

आणि काय गाजला तो! खालापूरच्या मेळाव्यात मुलं खरी सुपं उंच धरून नाचली. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मुली सेनापती झाल्या. तुम्ही तिकडे त्या लोगोचा टी-शर्ट घालून शाळेत सांगितलंत — आजीने काढलंय. मी फोनवर हसले. नाही म्हणायला किती वेळ लागला असता?

गेल्या महिन्यात खोक्याचा नमुना तपासायला आला. मी माझं नाव खोडलं, सुनंदाचं लिहिलं. छपाईवाल्यांना कारण दिलं नाही. तिला मात्र कागद दाखवला आणि म्हटलं, माझं चुकलं.

तिने बराच वेळ वाचलं. “आडनाव बी घाला. गावात सुनंदा चार हायत. उगा दुसरीच मिरवंल.”

घातलं. सुनंदा काशिनाथ भोईर. छापून आलेला पहिला खोका तिने कडावात घरोघर फिरवला — दुकानात, डेअरीवर, शाळेत. मी सोबत गेले होते. तिच्या चार पावलं मागे.

खालापूरच्या शाळेच्या भिंतीवर तेच सूप ऑइलपेंटने रंगवलेलं आहे. त्याच्या खाली अजून माझं नाव आहे.