काकूंच्या फरशीतलं अळू

आज सकाळी शेजारी काकूंच्या परसात फरशीच्या फटीतून अळूचं कोवळं पान वर आलेलं दिसलं आणि मला मनापासून आनंद झाला. वाटणीत परस त्यांच्याकडे गेलं, तेव्हा आईनं लावलेलं अळू उपटून त्यांनी वर शहाबादी फरशी घातली होती. पुढे आई असेपर्यंत विकतच्या पानांच्या वड्या करायची, पण स्वतः एकही खायची नाही. फक्त म्हणायची, "अळूचा गड्डा तुटला, की तुकड्यातुकड्याला कोंब फुटतो." माणसं विसरतात. माती विसरत नाही, आणि मीही नाही.

"अगं, हे कायमचं जाईल कसं?" काकूंनी कुंपणापलीकडून विचारलं.

"फरशी उचला, काकू," मी गोड आवाजात म्हटलं, "आणि गड्ड्याचे कुदळीनं बारीक बारीक तुकडे करा."