लाल लावू या?

‘लाल लावू या?’ रक्त आलं की अक्का हेच विचारायच्या.

बेंगळुरात, जयनगरातल्या त्यांच्या नेल पार्लरमध्ये मी कामाला होते. नखाभोवतीची कातडी काढताना कुणाचं बोट कापलं, की अक्का ते कापसाने दाबायच्या, गोड बोलायच्या आणि वर लालभडक नेलपॉलिश लावायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची! अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

प्रथमोपचाराचा डबा होता, पण कुलुपात. किल्ली अक्कांच्या कमरेला. ‘डबा दिसला की गिऱ्हाईक भितं गं,’ म्हणायच्या. घराणं पिढ्यान्पिढ्या बेंगळुरातलं, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड. मी नागपूरची. आधी मला ती बोली गोड वाटायची, पुढे तिचाही राग यायला लागला.

जे. पी. नगरहून एक निवृत्त शिक्षिका यायच्या. बसल्या बसल्या सांगायच्या, ‘मला साखर आहे हं, पायाला जपा.’ एकदा अक्कांनी त्यांच्या अंगठ्याचं नख फार खोल कापलं.

‘अक्का, साबणाने धुऊन पट्टी बांधू या,’ मी म्हटलं.

‘स्वल्प तर लागलंय. सरी होतं, होईल बरं.’ त्यांनी माझा हात बाजूला सारला. ‘टीचर, लाल लावू या?’

‘या वयात लाल?’ टीचर लाजून हसल्या, पण लावू दिलं.

महिन्याभराने त्यांची मुलगी आली. टीचरच्या पायाचा अंगठा चिघळला होता, शेवटी काढावा लागला. साखरेमुळे टीचरना दुखलं नाही आणि रंगाखाली कुणाला दिसलं नाही.

‘इथं काही लागलंच नव्हतं,’ अक्का म्हणाल्या.

‘लागलं होतं,’ मी म्हणाले. ‘अक्कांनीच कापलं. मी समोर होते.’

मुलगी रडत निघून गेली. अक्का मला शिव्या घालत अवजारं पुसायला बसल्या आणि त्या तिरमिरीत कात्री त्यांच्याच बोटात घुसली.

आता बघा हं. डब्याचं कुलूप उघडलं. बोट नळाखाली गेलं, साबण लागला, स्वच्छ कापडाने टिपून झालं, वर पट्टीचे वेढे. म्हणजे या बाईला सगळं येत होतं! इतका तिरस्कार मला आजवर कुणाचा वाटलेला नाही.

‘गाठ मार गं, एका हाताने होत नाही,’ त्या बारीक आवाजात म्हणाल्या.

मारली. नीट मारली, जखमेचा काय दोष? मग माझी पिशवी उचलली आणि विचारलं, ‘अक्का, वरून लाल लावू या?’

अक्कांनी ते बोट पदराखाली घेतलं. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं.