मिशीचा सूर

पोराने चित्र दाखवलं की आमचे चित्रकलेचे वानखडे मास्तर ते उजेडासमोर धरत आणि विचारत, "हे कसं वाजन रे?" पोरगं गोंधळून जाई. अमरावतीच्या त्याच शाळेत मी मराठी शिकवायचो. सुरुवातीला मीही गोंधळलो होतो.

संस्थेच्या अध्यक्षांनी शाळेला बोलपट दाखवायचं जुनं यंत्र दिलं होतं. पाटीवर यंत्राचा उल्लेख बारीक आणि अध्यक्षांचं नाव ठळक. फिल्मच्या कडेला आवाजाची चिंचोळी पट्टी असते. तिच्यावरच्या काळ्यापांढऱ्या खुणांतून दिव्याचा उजेड जातो आणि कर्णा बोलतो. मास्तर जुनी फिल्म धुऊन कोरी करत आणि त्या पट्टीवर शाईने चित्रं काढत. सारख्या अंतरावर आडव्या रेघा ओढल्या की स्वच्छ सूर निघे. रेघा दाट केल्या की तो चढे. बैल, मोर, झाडं काढली की नुसती खरखर. "ज्या चित्रासाठी मी पोराले नापास करन, तेच गाऊन राहिलं," असं म्हणून ते चिडत आणि पुन्हा मोर काढायला बसत.

ही बातमी अध्यक्षांपर्यंत गेली. स्नेहसंमेलनात त्यांचंच चित्र वाजवायचं, असा हुकूम आला. मास्तरांनी हेडमास्तरांना सांगितलं, "सायेब, एका तोंडाचा सूर निघत नाई." हेडमास्तर म्हणाले, "अध्यक्षांचं तोंड आहे ते. त्यांनी यंत्र परत नेलं तर?"

मी मास्तरांना बाजूला घेतलं. "रेघांची पट्टी लावा. हेच तुमचं चित्र म्हणून सांगा. कोणाला कळणार आहे?"

"मले कळन ना, सर! रेघाचा सूर त्याच्या मिशीच्या नावावर कावून खपवू?"

संमेलनात हार झाले, अध्यक्षांचं लांबलचक भाषण झालं. मग मास्तरांनी भिंगाखाली काढलेलं, मिशीसकट हुबेहूब चित्र यंत्रात घातलं. कर्ण्यातून आवाज आला, "टक्."

"झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

"झालं. एकडाव काढलं, एकडाव वाजलं. सूर पायजे असन त तेच तोंड शेकडो डाव काढा लागते."

पोरं हसली. आठवडाभरात यंत्र अध्यक्षांच्या अकोल्याच्या बंगल्यावर गेलं. तिथे मी ते पाहिलं आहे: वर विणलेला रुमाल, त्यावर फुलदाणी. वाजवणारं त्या घरात कोणी नव्हतं. मला अजून राग येतो, आणि नेमका कोणाचा जास्त येतो ते ठरत नाही. मास्तर एक खोटं वाक्य बोलले असते तर यंत्र राहिलं असतं. पण ते वाक्य बोलले असते तर ते वानखडे मास्तर राहिले नसते, हेही मला कळतं. कळून राग जात नाही.

मास्तर निवृत्त होऊन दर्यापूरला गावी निघाले, त्या दिवशी त्यांनी मला दोन हात लांब फिल्म दिली. मी ती उजेडासमोर धरली. कडेला मुंग्यांच्या रांगेसारखं एकच तोंड, मिशीसकट, पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत.

"आता वाजन," मास्तर म्हणाले.

"कशावर?"

ते पिशवी उचलून एसटीत चढले.

पुढे ते दर्यापूरलाच वारले. पट्टी माझ्या कपाटात आहे. अधूनमधून काढून खिडकीशी धरतो. तोंडं दिसतात, मिशा दिसतात. सूर कोणता, ते काही कळत नाही.